कळलं का, अक्का?

ये गं मनू, अशी जवळ सरक. कागदातून कसं सरकायचं म्हणशील, तर निदान तो मोबाईल पालथा घाल आणि मांडी घालून वाच. परवा फोनवर काय म्हणालीस? "आजी, सोमवारी बायोची टेस्ट आहे. मिओसिस आणि डीएनएचं रेप्लिकेशन. डोक्यात काही शिरत नाही, पाठ करून टाकते." पाठ करून टाकते! रद्दी टाकल्यासारखी! माझी नात असून हे बोलताना जीभ अडखळली नाही तुझी? मी तेव्हा गप्प राहिले. मी बोलायला लागले की तू आणि तुझी आई घड्याळाकडं बघता, हे मला इथं कोल्हापुरात बसूनसुद्धा दिसतं. म्हणून लिहिते. लिहिणाऱ्याला मध्येच तोडता येत नाही.

तुला शिवलीला बाईंबद्दल कधी सांगितलं नाही, ती चूक माझी.

मंगळवार पेठेतलं आपलं जुनं घर तू पाहिलेलं नाहीस. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन, आणि भिंतीला भिंत लागून ज्या दोन खोल्या होत्या त्यात बाई भाड्यानं राहायच्या. दोन्ही घरांना मिळून दारात एकच लांबलचक दगडी पायरी. बाई कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायच्या. मूळच्या निपाणीकडच्या, घरची भाषा कानडी. माया करायच्या कानडीत आणि झाडायच्या मराठीत. मला अक्का म्हणायच्या, पोरींना तंगी, म्हणजे धाकटी बहीण. आणि राग अनावर झाला की पुन्हा कानडी, "साकू!" म्हणजे पुरे. ते साकू गल्लीच्या टोकाला दूधवाल्यापर्यंत ऐकू जायचं. तोही दूध ओतायचा थांबायचा.

पांढरं सुती लुगडं म्हणावं अशी जाड साडी, बारीक काठ. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. चष्म्याला दोरी म्हणून माझी मोजमापाची जुनी टेप बांधलेली, त्यामुळं त्यांच्या कानामागून चौदा, पंधरा, सोळा असे आकडे खाली यायचे. लग्न केलेलं नव्हतं. गल्लीनं बारा वर्षं वेगवेगळ्या तोंडांनी कारण विचारलं आणि बारा वर्षं एकच उत्तर मिळालं, "वेळ मिळाला न्हाय." शाब्बास हा शब्द त्यांच्याकडं नव्हताच. फार खूश झाल्या तर म्हणायच्या, "बरं." पोरी त्या बरंवर आठवडा काढायच्या.

त्या राहायला आल्या त्या वर्षीच गल्लीत गडबड उडाली. बाईंच्या खिडकीत आठ-दहा पेले मांडलेले, पेल्यांत पाणी आणि प्रत्येक पेल्यावर एकेक कांदा बसवलेला. दोन दिवसांत कांद्यांना पांढऱ्या मिशा फुटल्या. समोरच्या काकू कुजबुजल्या, "करणीचा परकार दिसतोय." मला धाडस झालं नाही, पण काकूंना झालं. त्यांनी खिडकीत तोंड घालून विचारलंच, "बाई, ही करणी हाय का ओ?"

"करणीच हाय," बाई आतून म्हणाल्या. "पोरींच्या डोक्यात पाठांतराचं भूत शिरलंय, ते काढायचं हाय."

मग त्यांनीच काकूंना आत बोलावलं, त्या मिशीचं टोक कापून, रंगवून, काचेवर चेपून कॉलेजातून आणलेल्या दुर्बिणीखाली, म्हणजे तुमच्या मायक्रोस्कोपखाली धरलं. मलाही बोलावलं. मी पाहिलं, मनू. एका पेशीच्या दोन होताना पाहिल्या. बारक्या बारक्या दोऱ्या मध्ये रांगेत उभ्या होत्या आणि शेजारच्या पेशीत त्या दोन बाजूंना निघाल्या होत्या. काकू म्हणाल्या, "अगं बया, वाटण्या व्हायला लागल्यात की!" बाई म्हणाल्या, "बरं." काकूंना त्या बरंची किंमत कळली नाही, मला पुढं कळली.

पण कांद्याच्या मुळात दिसते ती साधी वाटणी. तुझं मिओसिस, अर्धं करणारं, ते दिसतं फुलात. त्यासाठी बाई लक्ष्मीपुरीच्या बाजारात कांदेवाल्या शेतकऱ्यांना गाठायच्या. कांद्याला फुलाचा गोंडा आला की कांदा वाया जातो, शेतकरी तो गोंडा मोडून फेकतो. बाई ओरडायच्या, "पावणं, फेकू नका! मला द्या!"

"बाई, त्याची भाजी व्हत न्हाय."

"भाजी कुणाला करायच्याय? त्याची पोरं कशी व्हत्यात ते बघायचंय."

तो शेतकरी इतका लाजला की त्यानं गोंडे दिलेच, वर दोन किलो कांदेही दिले आणि पैसे न घेता पलीकडं तोंड करून बसला.

आता मुद्द्यावर येते. बाईंची शिकवायची रीत होती ती दुसरी कुठं मी पाहिली नाही. आमच्याकडच्या पोरी दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या आणि अकरावीला एकदम सगळं इंग्रजीत. पोरी काय करणार? अर्थ न कळता पानंच्या पानं पाठ. बाई त्यांना घरी बोलवायच्या, फुकट, आणि समजावून झालं की म्हणायच्या, "आता जा, अक्काला सांग." म्हणजे मला. मी सातवीत शाळा सोडलेली. पुड्याच्या कागदावर छापलेलं वाचत वाचत जे शिकले तेवढंच. पोरीनं पायरीवर बसून, मराठीत, मला तो धडा समजावायचा. मी हातातलं शिवण चालू ठेवून ऐकायचं. शेवटी बाई दारातून विचारायच्या, "कळलं का, अक्का?" मी कळलं म्हणाले तर पोरगी सुटली. नाही म्हणाले तर पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्यांदा मला वाटलं, बाई माझी चेष्टा करतायत. तसं बोललेही. बाई म्हणाल्या, "अक्का, मला सांगितलं तर पोरी अर्धं गिळतात, कारण मला ठाऊक हाय हे त्यांस्नी ठाऊक असतं. तुम्हांला गिळून चालत न्हाय."

तेव्हापासून मी ते काम मन लावून केलं. का, असं विचारायला शिकले. नुसता का. भलीभली हुशार पोरगी दुसऱ्या का-ला घामेजायची.

एकदा बाईंनी पायरीवरच मिओसिस मांडलं, पोरींच्या चपलांनी. डावा पाय आईकडून आलेला, उजवा बापाकडून. आधी प्रत्येकाची नक्कल व्हायची. आणि आमच्या गावात नकलेला काय तोटा, सगळ्यांच्या पायात तीच कापशी चप्पल! मग डावा-उजवा जोडीनं शेजारी यायचे, एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करायचे, मग जोडी फुटायची, मग नकला फुटायच्या, आणि शेवटी चार ढीग, प्रत्येकात निम्माच माल. मी विचारलं, "निम्मं का?"

"निम्मं केलं न्हाय तर पिढीगणिक दुप्पट व्हईल. मग पोरगं जन्माला यायचं का हत्ती?"

त्या दिवशी घाईत एक पोरगी स्वतःची डावी आणि मैत्रिणीची उजवी घालून कागलच्या एस्टीत बसली. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "अदलाबदल झाली म्हणायची." हसल्या मात्र नाहीत.

या सगळ्यात वैशू आली. सत्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असावं. जोतिबाच्या डोंगरावरची पोरगी. वडलांचं देवळाच्या वाटेवर नारळ-गुलालाचं दुकान. रोज सकाळी एस्टीनं खाली यायची, संध्याकाळी वर जायची. बारावीत होती. इंग्रजीनं तिचा जीव मेटाकुटीला आलेला. सहामाहीच्या आधी जीवशास्त्राची एक चाचणी होती, हेच तुझे दोन धडे. वडलांनी तिला सांगून ठेवलेलं, "ह्यात नापास झालीस तर कॉलेज बास. दुकानात बसायचं. मी एकट्यानं किती वडू?" वाईट माणूस नव्हता तो. बायको आजारी, गिऱ्हाईक अंगावर येतंय, आणि पोरगी रोज डोंगर उतरून जातेय कशाला ते त्याला दिसत नव्हतं.

चाचणी शुक्रवारी. बुधवारी संध्याकाळी वैशू रेप्लिकेशन सांगायला पायरीवर बसली. डीएनएची दोन दोऱ्यांची वेणी उलगडते, प्रत्येक दोरीसमोर नवी दोरी तयार होते. तिथवर ठीक. मग म्हणाली, "एक दोरी सलग व्हत्या आन् दुसरी तुकड्या-तुकड्यानं." मी म्हटलं, "का?" ती पुस्तकातलं इंग्रजी वाक्य एका दमात म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, "का गं?" तर डोळ्यांत पाणी. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. एस्टीची वेळ होत आलेली. "मावशी, मला ह्या चाचणीत पास व्हायचंयच," एवढंच म्हणाली. तेवढ्यात दारातून आवाज आला, "कळलं का, अक्का?"

आणि मी म्हणाले, "कळलं."

मनू, एवढं सोपं खोटं मी जन्मात बोलले नव्हते. वैशूनं माझ्याकडं पाहिलं, पिशवी उचलली आणि पळाली.

गुरुवारी सकाळी नळावर बाईंची घागर माझ्या घागरीमागं लागलेली. सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "वैशूनं चांगलं सांगितलं म्हणा की काल."

"हो तर."

"मग मला सांगा, दुसरी दोरी तुकड्या-तुकड्यानं का व्हत्या?"

माझी घागर भरून वाहायला लागली. बाईंना सगळं उमगलं.

"साकू!" नळावरच्या चार बायका मागं सरकल्या. "अक्का, पोरगी उपाशी होती व्हय? मग भाकरी वाढायची होती, मार्क कशाला वाढलेत? दुकानात बसवायला तिचा बाप एकटा पुरेसा न्हवता म्हणून तुम्ही हात लावलात?"

मी वाहती घागर बाजूला ओढली. पण बाई बोलता बोलता एकाएकी थांबल्या. कपाळाला हात लावला, घागर तशीच अर्धी उचलली आणि तरातरा घरात गेल्या. मला वाटलं, राग आवरत नाही म्हणून गेल्या.

दुपारी कॉलेज सुटल्यावर मी वैशूला बोलावून घेतलं. आधी भाकरी आणि आमटी पोटात घातली, मग तिला खरं सांगितलं, की काल मला कळलं नव्हतं. ती रडली नाही. म्हणाली, "मला ठाऊक हाय. मलाबी कळलं न्हवतं." बाईंकडं जाऊन विचारावं म्हटलं तर त्यांचं दार लोटलेलं. पेपर काढला की तोंडाला कुलूप, ही त्यांची पद्धत होती. ज्या धड्यावर पेपर काढला त्याबद्दल चकार शब्द बोलायच्या नाहीत. आतून नुसती खरखर ऐकू येत होती, कागदावर टोकदार काहीतरी घासल्यासारखी.

मग आम्ही दोघीच बसलो. वैशू पुस्तक घेऊन, मी एका जरीच्या ब्लाउजला हातानं टीप घालत. तिनं चित्र काढलं. मी विचारलं, "या दोन दोऱ्या एकमेकींना उलट्या का काढल्यास?"

"असत्यातच उलट्या. आमच्या डोंगराच्या पायऱ्यांवर असतंय की, एक रांग चढत्याली, एक उतरत्याली."

"बरं. मग नवी दोरी विणणारा कारागीर?"

"त्यो एकाच दिशेनं विणू शकतो. पाठीमागं चालत विणायला त्याला येत न्हाय."

"आणि वेणी उलगडते कुठल्या दिशेनं?"

"पुढं." ती थांबली. "म्हंजे एका दोरीवर त्यो उलगडेल तसा पळत जातो. आन् दुसरीवर..." पेन्सिल हवेत राहिली. तिचे डोळे माझ्या हातावर. मी उलटी टीप घालत होते. तुला शिवण येत नाही, म्हणून सांगते. उलट्या टिपेत सुई पुढं काढायची आणि टाका मागं घ्यायचा. पुन्हा पुढं काढायची, पुन्हा मागं घ्यायचा.

"मावशी, थांबा! परत घाला टाका!"

मी घातला.

"टाका मागं जातोय आन् शिवण पुढं जात्या! तसंच हाय हे! उलगडेल तसा त्यो पुढं उडी मारतो, मागं विणत येतो, परत पुढं उडी, परत मागं. म्हणून तुकडे! आन् मग दुसरा कारागीर तुकडे जोडतो!" ती उभी राहिली होती. "मावशी, मी सांगतो तुम्हांला पहिल्यापासनं, बसा!" मी बसलेलीच होते. आणि हसू नको, आमच्याकडच्या डोंगरावरच्या पोरी बाप्यांसारखंच ‘मी सांगतो’ म्हणतात.

ती ओरडली तेव्हा आतली खरखर थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

तिनं सगळं सांगितलं. मी नऊ वेळा का विचारलं, नऊही वेळा उत्तर आलं. शेवटी माझा मलाच आवाज ऐकू आला, "कळलं." दारातून कुणी विचारलेलं नसताना.

शुक्रवारी मी शिवणाला हात लावला नाही. दुपारी वैशू आली ती पायरीवर मटकन बसली. "मावशी, तुकड्यांचा प्रश्न आलाच न्हाय."

माझं डोकं फिरलं. बाई कॉलेजातून येताच मी त्यांच्या अंगावर गेले. "बाई, इतक्या वर्षांत हा प्रश्न तुमच्या पेपरात नाही असं झालंय का कधी? यंदाच कसा नाही?"

"होता," बाई म्हणाल्या. चप्पल काढत होत्या, वर पाहिलंही नाही. "काल सकाळी नळावर मी रागानं तोंड उघडलं आन् पेपरातला प्रश्न चार बायकांदेखत तुम्हांला सांगून बसले. मग त्यो पेपर ऱ्हाईला का? फाडला. दुसरी स्टेन्सिल कापली दुपारी, सायक्लोस्टाइलला टाकायला."

म्हणजे ती खरखर! तेव्हा पेपर मेणकागदावर टोकदार लेखणीनं कोरायचे आणि मग त्याच्या प्रती छापायचे. पोरगी पायरीवर नाचत होती तेव्हा बाई भिंतीपलीकडं त्याच प्रश्नाशिवायचा पेपर कोरत होत्या. कान देऊन ऐकत होत्या आणि कोरत होत्या.

"चूक तुमची, माझी. पोरीनं काय केलं होतं?" मी म्हणाले. "तिचा बाप..."

"तिचा बाप मलाबी ठाऊक हाय, अक्का." आता त्यांनी वर पाहिलं. "तिला शिवण कळली असंल तर कापड कुठलंबी असू दे."

मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. एकाच पायरीवर राहून न बोलणं अवघड असतं, पण मी जमवलं. वैशूही यायची बंद झाली. एस्टीतून उतरून सरळ कॉलेज, तिथून सरळ डोंगर. मंगळवारी बाई हातात उत्तरपत्रिका घेऊन माझ्या मशीनसमोर येऊन उभ्या राहिल्या. हिरव्या शाईनं तपासायच्या त्या. लाल बघून पोरी भितात म्हणे. नव्या पेपरात प्रश्न होता, एकाच आई-बापांची दोन मुलं सारखी का नसतात. वैशूचं इंग्रजी लंगडत लंगडत दीड पान गेलं होतं. मला ते इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण चित्र ओळखलं, जोडीतल्या दोऱ्या तुकडे बदलताना.

"तीनदा तपासला," बाई म्हणाल्या. "मनात चोर होता, म्हणून. एकदा जास्त पडले, एकदा कमी. तिसऱ्यांदा पडले ते खरे. पंचवीसातले नऊ लागत्यात पासला. साडेबारा हायत."

"साडेबारा!"

"तेरा पडले असते. अर्धा स्पेलिंगला कापला."

"कापलातच का तो अर्धा?"

"चुकलंय की!"

मनू, मी त्या बाईला मिठी मारली. माझ्या पदराच्या टाचण्या त्यांना टोचल्या तरी त्या हलल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बरं."

आठवड्यानं वैशूचे वडील नारळ घेऊन डोंगर उतरले. हात जोडून म्हणाले, "बाई, पोरीला असंच ढकला पुढं."

"ढकलायला ती काय बंद पडल्याली गाडी हाय? चालत्या ती. तुम्ही फक्त वाट सोडा."

त्यांनी सोडली. वैशू बारावी झाली, बीएस्सी झाली, मलकापूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली. आणि दोन हजार चार-पाचच्या सुमाराला बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचा सत्कार जोतिबावर झाला. हारतुरे नव्हते, वैशूच्या वडलांनी जेवायला बोलावलं होतं. बाई कधी डोंगरावर गेल्या नव्हत्या. "माझा देव गळ्यात हाय, चढू कशाला?" म्हणायच्या. वैशूनं बोलावलं तेव्हा मात्र तासाभरात पिशवी भरून तयार.

जेवणं झाली. वैशूचे वडील पान आणायला गेले आणि जाताना बाईंना म्हणाले, "जरा दुकानाकडं बघा." बाई गल्ल्यावर बसल्या. तेवढ्यात भाविकांचा घोळका आला. बाई एकेक नारळ कानाशी नेऊन हलवायला लागल्या. "पावणं, ह्यो घेऊ नका, पाणी आटलंय. ह्यो घ्या." गिऱ्हाईक बाराचं वीस झालं. कुणीतरी मूठभर गुलाल उधळला आणि बाईंची ती जन्माची पांढरी साडी डोक्यापासून गुलाबी झाली. वैशू धावत आली. "बाई, उठा, तुम्ही कशाला, मी बसतो!"

"साकू!" सगळी वाट थांबली. "तू बसायचं न्हाईस हितं. मी हाय की." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला, "बोला पावणं, किती देऊ?"

मला शेवटची एस्टी गाठायची होती. वळणावरून मागं पाहिलं. बाई गुलाबी होऊन गल्ल्यावर बसलेल्या, कानाशी नारळ, आणि दुकानाबाहेर वैशू हाताची घडी घालून उभी. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या. दोघी हसत होत्या.

पुढच्या महिन्यात बाई निपाणीकडं भावाच्या गावी गेल्या. पत्र यायचं, "अक्का, या की." मी लिहायचे, लगीनसराई आहे, ब्लाउजांचा ढीग पडलाय, संपला की येते. तो ढीग कधी संपतो का? कागल ओलांडलं की तासाभराची वाट, आणि मी चार वर्षं गेले नाही. मग जायचं कारणच राहिलं नाही.

तेव्हा ऐक. सोमवारी टेस्ट दे आणि मंगळवारी सकाळची गाडी पकड. मार्क किती पडले ते आल्यावर सांग, नाही सांगितलंस तरी चालेल. हल्ली मी शिवण घेत नाही, दिवस मोकळाच असतो. सुट्टी लागली की येते, असं मात्र लिहू नकोस. मंगळवारी ये.